उसनं सूत

महानंदा गेली ते गल्लीला त्याच सकाळी कळलं होतं. पण तिच्याबरोबर नेमकं काय गेलं, ते कळायला उन्हाळा यावा लागला, आणि कळलं तेही एका सरकारी बाईकडून.

त्या दिवशी शिवानंद डाके दारातल्या पायरीवर बसला होता. ही पायरी खरं म्हणजे त्याच्या बायकोची, महानंदाची. तिचं कांड्या भरायचं यंत्र उंबऱ्याच्या आत असायचं, आणि ती अर्धी आत, अर्धी बाहेर बसून दिवसभर काम करायची. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी; कापडाचा आडवा धागा तिच्यातून सुटत जातो. आता त्या यंत्रावर जुनी चादर टाकलेली होती. पलीकडच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली शिवानंदच्या कमरेला होती.

इचलकरंजीच्या त्या गल्लीत घरटी चार, सहा, आठ माग. पूर्वी शेजाऱ्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे. मुक्कामाला आलेले पाहुणे दुसऱ्या दिवशी डोकं धरून परत जात. आता भर दुपारी चिमण्या ऐकू येत होत्या, आणि गल्लीतल्या माणसांना त्या आवाजाची धास्ती वाटायला लागली होती.

मंदी तर देशभर होती. लोक तिला गारठा म्हणत. दिवाळीच्या सुमाराला समुद्रातले व्यापारी मार्ग बंद पडले, परदेशातल्या मागण्या थांबल्या, बँकांनी हात आखडता घेतला आणि बघता बघता पैसा थिजून गेला. सरकारनं छोट्या धंद्यांसाठी कर्जाची योजना काढली होती, तिचं नाव उभारी. तारण नको, जामीन नको, धंदा उभा राहिला की सावकाश फेडायचं. गल्लीतल्या जवळजवळ सगळ्यांनी अर्ज केले होते आणि सगळेच वाट बघत होते. शिवानंदनं अर्ज केला नव्हता. त्याचे माग बंद होते आणि ते चालू करावेत असं त्याला वाटतही नव्हतं.

सरकारी बाई म्हणजे वयानं मुलगीच होती. ज्ञानदा खोत तिचं नाव, कोल्हापूरच्या कार्यालयातून आली होती. तिनं घराचा नंबर दोनदा ताडून बघितला आणि सांगितलं, की अर्ज नसतानाही उभारीतलं कर्ज या घराला मंजूर झालंय, आणि या वॉर्डातलं सगळ्यांत मोठं आहे.

शिवानंदनं तिला नीट न्याहाळलं. "फोनवरनं फसवणारे लय बघितलेत. घरी चालत आलेली तूच पहिली."

ती हसली. रागावली नाही. "काका, मलाही पटलेलं नाही. म्हणून तर आले. आत बसून दाखवू का?"

त्यानं तिला पाणी दिलं. तिनं पिशवीतून बोटभर लांबीचं एक यंत्र काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि खिडकी लावून घ्यायला सांगितली. मग ती सांगायला लागली. तिला सांगायची सवय असावी, कारण ती घाई करत नव्हती.

आधीच्या मंदीत सरकारनं सगळ्यांना सारखे पैसे वाटले होते. ते उतारावर ओतलेल्या पाण्यासारखे वाहून गेले. छोट्या माणसाच्या हातात आले, त्यानं थकलेलं बिल भरलं, तिथून ते मोठ्या पेढीत गेले आणि तिथंच साचले. मग पुण्यातल्या काही शास्त्रज्ञांनी वेगळा विचार केला. खडकाळ किनाऱ्यावर शेकडो जीव एकमेकांच्या आधारानं राहतात. त्यातला एखादा काढला तर काही होत नाही. पण एखादा असा असतो, की दिसायला क्षुल्लक, संख्येनं थोडा, आणि तो काढला की सगळा किनारा ओस पडतो. बाजाराचंही असंच असेल, असं त्यांना वाटलं. पैसा सगळीकडे शिंपडण्याऐवजी ती नेमकी जागा शोधून तिथं घातला, तर तो वाहून न जाता फिरत राहील. अशा जागेला त्यांनी नाव दिलं गाठ.

"गाठ शोधायची कशी, हाच प्रश्न होता," ज्ञानदा म्हणाली. "माणसांना विचारून उपयोग नाही. प्रत्येकाला वाटतं आपणच ती."

कापडाच्या धंद्यात ते जमलं. सूत ज्या निमुळत्या पुठ्ठ्यावर गुंडाळलेलं असतं तो कोन; अशा प्रत्येक कोनाच्या पुठ्ठ्यात आता गिरणीतूनच तांदळाएवढी खूणपट्टी येते. मागाच्या विजेच्या मीटरला ती वाचता येते. कुठला कोन कुठल्या घरात आला, तिथून कुठं गेला आणि कुठल्या मागावर संपला, ते कळतं. यंत्राला माणसांची नावं माहीत नसतात, ती देतही नाहीत. नुसती ठिकाणं आणि हालचाल. त्या हालचालींची खरेदी-विक्रीशी जुळणी करायची. जिथं माल फिरतो आणि पैसा फिरत नाही, तिथं यंत्र थांबतं आणि पुन्हा बघतं.

तिनं बटण दाबलं आणि ओट्यावर गल्ली उभी राहिली.

उजेडाची गल्ली होती ती. घरं म्हणजे ठिपके, आणि ठिपक्यांमधून धागे. शिवानंदनं समोरच्या इलाहीचं घर ओळखलं, कोपऱ्यावरचं पद्माक्का मगदूमचं ओळखलं. मग स्वतःचं ओळखलं आणि त्याचा हात आपोआप ओट्याच्या कडेवर गेला. सगळे धागे तिथं येत होते. नुसते येत नव्हते, येऊन पुन्हा बाहेर पडत होते. एका घरातून बारीक धागा आत यायचा, क्षणभर थांबायचा, आणि दोन बाहेर निघायचे. मागावर ताण्याचे उभे धागे चालतात तसं ते चालत होतं, वर, खाली, वर, खाली, एक लय धरून. आणि ती लय त्या ओट्यावर संपत नव्हती. ज्ञानदानं बोटानं चित्र लहान केलं तसे धागे गल्लीबाहेर गेले, रंगाईवाल्याकडे, टेम्पोवाल्यांकडे, चहाच्या गाड्याकडे. तिथून पेढीवर, आणि पेढीवरून पार कुठं कुठं, दवाखान्यांच्या चादरींमध्ये आणि डोंगरातल्या शाळांच्या गणवेशांमध्ये.

"हे कधीचं?" त्यानं विचारलं.

"गेल्या मार्गशीर्षातलं. म्हणजे गारठा आल्यावरचं. सगळं शहर लंगडत होतं तेव्हा तुमची गल्ली चालत होती. आम्हाला तेच कोडं होतं. आणि मग हे बघा."

तिनं दिवस पुढे सरकवले. संक्रांत गेली. धागे मंद झाले, तरी चालत राहिले. मग एका दिवशी गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांमधून धागे निघाले आणि एकाच वेळी शिवानंदच्या घरात शिरले. एकही बाहेर आला नाही. त्यानंतर गल्ली अंधारी झाली.

"या दिवशी काय झालं होतं, काका?"

शिवानंदनं बोटांवर दिवस मोजले. तो महानंदाचा तेरावा होता.

ज्ञानदाला हे माहीत नव्हतं. यंत्राला नावं माहीत नसतात.

मग त्यानंच विचारलं, हे उलटं चालवता येतं का. येत होतं. खूणपट्ट्या सुरू झाल्या तिथपर्यंत मागं जाता येत होतं. त्यानं ते चालवायला लावलं. एका वर्षामागं एक वर्ष मागं गेलं आणि धागे येत-जात राहिले. एका जागी ते काही दिवस थबकले होते. तेव्हा महानंदा गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होती, ते त्याला आठवलं. ती घरी आली तसे ते पुन्हा सुरू झाले. आपल्याच घरात, आपल्याच डोळ्यांदेखत हे एवढं चाललं होतं, आणि आपण तिला जेवताना चिडवायचो, की तुझं हे दुकान म्हणजे जगातलं एकमेव, ज्याच्यात गिऱ्हाईक आहे आणि गल्ला नाही. ती म्हणायची, असू दे की, तुम्ही जेवा.

देवळात उभं राहिल्यावर माणूस जसा चपला काढायच्या राहिल्यात का बघतो, तसं त्यानं खाली पायांकडे बघितलं.

ज्ञानदानं तिची अडचण सांगितली. यंत्रानं गाठ दाखवली होती, पण तिथं काय चालायचं ते यंत्राला कळत नव्हतं. आणि ते थांबलेलं असताना गल्लीत कर्ज सोडलं तर ते टिकणार नाही, असा त्याचा हिशेब होता. म्हणून बाकीचे सगळे अर्ज अडकून पडले होते.

"म्हणजे लोकांची कर्जं माझ्यामुळं थांबलीत?"

"तुमच्यामुळं नाही," ती म्हणाली.

त्यानं कमरेची किल्ली काढली.

खोली त्यानं तेराव्यानंतर उघडली नव्हती. दार ढकलल्यावर सुताचा वास आला, महानंदाच्या पदराला यायचा तो. भिंतीला लागून छातीपर्यंत कोन रचलेले होते. पांढरे, पिवळसर, निळे, चॉकलेटी. एखादा अर्धा वापरलेला, एखादा नुसता चाखलेला. तेराव्याला गल्लीतल्या बायाबापड्या पदराखाली झाकून, टोपल्यात घालून ते घेऊन आल्या होत्या आणि काही न बोलता ठेवून गेल्या होत्या. गेलेल्या माणसाचं उसनं घरात ठेवायचं नाही, ही तिथली रीत. इलाही मोमीननंही ती पाळली. डोक्याला रुमाल बांधून तो पोतं खांद्यावर घेऊन आला होता. शिवानंदला तेव्हा एवढंच कळलं होतं, की ही तिची आठवण आहे, आणि तिला कुलूप लावलं पाहिजे. रोज दुपारी तो दाराला पाठ लावून बसायचा.

फळीवर एक स्टीलचा डबा होता. घासून पुसून पालथा घातलेला. त्यावर नाव घातलं होतं, सौ. भागीरथी. या नावाचं त्यांच्या घरात कुणी नव्हतं.

पद्माक्का नवीन माणूस बघून डोकावायला आली होती. साठी ओलांडलेली विधवा, चार माग एकटीनं चालवणारी, आणि बोलायला फटकळ. ती खोलीच्या दारात आली आणि तिथंच थांबली.

"हे सगळं हितंच हाय?"

मग तिनं सांगितलं. कापडाचं थान पुरं व्हायला येतं आणि नेमकं थोडं सूत कमी पडतं. पेढीवरून नवं पोतं यायला आठवडा जातो, तोवर माग बंद, कामगार घरी. अशा वेळी महानंदाकडे यायचं. ती कोन उन्हात धरून रंग जुळवायची आणि द्यायची. लिहून ठेवायची नाही. पुढं आपल्याकडे थोडं उरलं की तिला आणून द्यायचं. पद्माक्काला वाटायचं, आपणच तेवढ्या जातो. इलाहीलाही तेच वाटायचं. एकाचं महानंदानं दुसऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. आणि ती गेल्यावर प्रत्येकानं आपापलं इमानानं परत केलं, सगळं सूत एका खोलीत येऊन बसलं, आणि सगळ्यांना वाटलं गारठ्यानं माग बंद पडले.

"आमीच आमचा गळा आवळला म्हणायचा," पद्माक्का म्हणाली. ज्ञानदा भिंतीकडे बघत राहिली. ती नंतर म्हणाली, की सबंध वर्षात यंत्रासमोर तिला जे वाटलं नव्हतं ते तिला त्या भिंतीसमोर वाटलं.

पुढचं सोपं आहे असं तिघांनाही वाटलं. सूत आहे, ते वाटायचं. शिवानंदला मात्र रात्रभर झोप आली नाही. एकेक कोन बाहेर गेला की खोली मोकळी होणार होती. तिच्या हाताचं असं घरात काही उरणार नव्हतं. पण इलाहीनं माग भंगारवाल्याला द्यायचे ठरवले होते, आगाऊ विसार घेतला होता, आणि सोमवारी टेम्पो येणार होता, हेही त्याला ठाऊक होतं. इलाहीचे माग म्हणजे त्याच्या बापानं एकेक करून घेतलेले. लोखंडाच्या भावानं जाणार होते.

सकाळी त्यानं खोली रिकामी केली. न्यायानं वागायचं म्हणून सगळ्यांना सारखं दिलं, घरटी एक टोपली, दारोदार स्वतः जाऊन. लोकांनी दोन्ही हातांनी घेतलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. गल्लीत एक-दोन माग दुपारपर्यंत वाजले आणि संध्याकाळी पुन्हा चिमण्या ऐकू आल्या.

ज्ञानदानं ओट्यावर चित्र उघडलं. त्याच्या घरातून सगळीकडे धागे गेलेले होते आणि जिथं गेले तिथं थांबले होते. एकही परत फिरला नव्हता.

"असंच दिसतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मागच्या मंदीतल्या मदतीचं चित्र अगदी असंच होतं."

तो तिरीमिरीत पद्माक्काकडे गेला. तिनं कोन मागाला लावलेच नव्हते. देव्हाऱ्याशेजारी मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. माणूस गेलं की त्याच्या नावानं पातेली, ताटं वाटतात. तसं हे महानंदाच्या नावाचं वाटप आहे, असं तिनं धरलं होतं. गल्लीनंही तसंच धरलं होतं. असं मिळालेलं कुणी मोडत नाही, आणि ते परत करायचा तर प्रश्नच येत नाही.

"अगं, उसनं दिलंय ते."

"उसनं असं देत्यात व्हय?" पद्माक्का म्हणाली. "दारात येऊन, हात जोडून? उसनं मागाय लागतं, शिवाभाऊ. आन महानंदा दिताना आपण बी कायतरी मागायचीच. मला म्हणायची, पद्माक्का, कोन ने, पर मला ताक हवंय. ताक तिच्या घरी असायचं की. मला ठावं होतं. तरी न्यायची."

शिवानंदला ते ताक आठवत होतं. घरात विरजण असताना ही रोज कुणाचं तरी ताक आणते, छत्री आणते, किसणी आणते, म्हणून तो करवादायचा. आपल्या घरात काय कमी आहे, असं लोकांना वाटतं, तो म्हणायचा. तो स्वतः कुणाच्या दारात कधी काही मागायला गेला नव्हता. तेराव्यानंतर गल्लीतून डबे आले ते त्यानं न उघडता परत पाठवले होते. तिनं मात्र स्वतःला मुद्दाम प्रत्येक घराचं देणं लावून ठेवलं होतं. ज्याच्याकडे आपलं काही येणं आहे, त्याच्या दारात माणूस संकोच न करता जातो. म्हणून धागे परत यायचे. दिवसभर, वर्षानुवर्षं, एवढ्यावर ते सगळं चाललं होतं. यंत्राला सूत दिसत होतं. ताक दिसत नव्हतं.

घरी येऊन त्यानं एक वाटी घेतली. रिकामी वाटी हातात घेऊन गल्लीतून चालणं त्याला जड गेलं. वाटेत दोन वेळा तो थांबला, आणि एकदा तर परत फिरला. इलाही शटरखाली बसून मागाचे सुटे भाग फडक्यानं पुसत होता. विकायचे असले तरी तो ते पुसत होता.

"इलाही," तो म्हणाला, "साखर हाय का वाटीभर? च्या करायचा होता."

इलाहीनं वर बघितलं. आधी त्याच्या तोंडाकडे, मग वाटीकडे. तीस वर्षं ते समोरासमोर राहत होते. तो उठला, आत गेला, आणि वाटी शिगोशीग भरून घेऊन आला. ती हातात देताना त्यानं सोडली नाही. दोघांचेही हात वाटीला होते.

"शिवाभाऊ," तो म्हणाला, "निळ्यातले चार कोन मिळतील का? थान अडकून पडलंय माझं. तुम्ही दिलेत ते पांढरे आहेत."

निळे कोन पद्माक्काच्या देव्हाऱ्याशेजारी होते. शिवानंद तिच्याकडे गेला, ताक मागितलं आणि निळे मागितले. तिनं देवाला नमस्कार करून ते उचलले, आणि तिला चॉकलेटी पाहिजे होतं ते सांगितलं. चॉकलेटी पलीकडच्या घरात होतं. त्या घरातून त्यानं चॉकलेटीबरोबर छत्रीही आणली, एप्रिल महिन्यात, आणि ती देणाऱ्या बाईनं का म्हणून विचारलं नाही. ती फक्त हसली, आणि हसता हसता तिनं तोंड फिरवलं.

इलाहीचा पहिला माग सुरू झाला तेव्हा ज्ञानदा शिवानंदच्या स्वयंपाकघरात होती. तिनं आतून त्याला हाक मारली. ओट्यावर एक धागा निघाला होता, पद्माक्काकडून आत येऊन इलाहीकडे. मग दुसरा. मग पद्माक्काकडे एक परत. लय अजून लागली नव्हती, नव्या कामगाराचा हात चालावा तसं चाचपडत चाललं होतं, पण धागे फिरत होते. चित्रात शिवानंदचं घर होतं तिथंच होतं आणि त्यातून उजेड जात-येत होता. ती खोली आता रिकामी होती. महानंदा त्या खोलीत नव्हतीच कधी, हे त्याला तेव्हा कळलं. ती या येण्याजाण्यात होती. तो ओट्याशी उभा राहिला आणि त्या उजेडात त्यानं हात धरला. हाताला काही लागलं नाही. तरी त्यानं तो बराच वेळ काढला नाही.

"काय केलंत तुम्ही?" ज्ञानदानं विचारलं.

"साखर मागितली."

तिला वाटलं तो चेष्टा करतोय. मग तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तिला तसं वाटलं नाही.

सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो आला. ड्रायव्हर उतरला आणि इलाहीला काही विचारायला लागला. त्याला ते ऐकू जाईना. ड्रायव्हरनं पुन्हा विचारलं, हातवारे केले, आणि शेवटी इलाहीच्या कानाशी तोंड नेलं. इलाहीनं विसार त्याच्या खिशात घातला आणि टेम्पो रिकामा मागं फिरला.

त्याच महिन्यात गल्लीचे अडकलेले अर्ज सुटले. शिवानंदनंही कर्ज घेतलं, त्याचं सूतच घेतलं, वेगवेगळ्या रंगांचं, आणि खोलीत रचलं. खोलीला आता कुलूप नसतं. अर्जावर धंद्याचं स्वरूप लिहायचं होतं. तिथं काय लिहायचं यावर कोल्हापूरच्या कार्यालयात बरीच चर्चा झाली म्हणे. कायद्यात त्याला शब्द नव्हता. शेवटी ज्ञानदानं उसनवारी असं लिहिलं आणि वरच्या साहेबांनी सही केली.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं त्याला आणखी एक चित्र दाखवलं. ते दाखवायची परवानगी तिला होती की नाही, हे त्यानं विचारलं नाही. सबंध महाराष्ट्र होता. त्यात जागोजागी बारीक ठिपके लुकलुकत होते. मालेगावात, भिवंडीत, सोलापुरात, आणि मग कापडाशी ज्यांचा संबंध नाही अशाही गावांमध्ये, कोकणात मासे सुकवतात तिथं, भांडी ठोकतात तिथं. प्रत्येक ठिपक्याभोवती तीच वर-खाली होणारी लय.

"या सगळ्या गाठी," ती म्हणाली. "मी काही ठिकाणी जाऊन आलेय. बऱ्याच बायका आहेत. एक म्हातारा आहे, सायकल दुरुस्त करतो. आपण गाठ आहोत हे कुणालाच माहीत नाही."

"त्यांना सांगणार?"

"ठरत नाहीये आमचं. सांगितल्यावर त्या असंच करत राहतील की नाही, ते यंत्राला सांगता येत नाही."

त्यानं त्या ठिपक्यांकडे बघितलं. आकाशाकडे बघावं तसं बघितलं, आणि आपली गल्ली त्यात कुठं आहे ते त्याला लगेच सापडलं नाही. इतक्या होत्या.

आता तो सकाळी पायरीवर बसतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. कांड्या भरायला तो अजून शिकतोच आहे. पद्माक्का म्हणते, त्याच्या कांडीपेक्षा तिच्या नातवाचा भोवरा सरळ फिरतो. रंग जुळवताना तो कोन उन्हात धरतो आणि चुकतो, आणि ज्याला चुकीचा गेला तो परत येतो आणि गप्पा मारून जातो. त्याच्याकडे या घडीला लोकांचं एक पातेलं, एक शिडी आणि दोन छत्र्या आहेत.

आणि तो डबा आहे. महानंदानं तो कुणाचा तरी आणला होता आणि परत करायला घासून ठेवला होता. त्याला खूणपट्टी नाही. यंत्राला तो दिसत नाही. शिवानंदनं गल्लीत विचारलं, मागच्या गल्लीत विचारलं, तिच्या माहेरी फोन केला. भागीरथी कुणालाच माहीत नाही. परत देताना डबा रिकामा द्यायचा नसतो, म्हणून तो दर आठवड्याला त्यात साखर भरतो, आणि मुंग्या लागायच्या आत काढून चहाला वापरतो.

डबा अजून फळीवर आहे. तो परत द्यायचा राहिला आहे.